जितके मजले तितक्या गोळ्या

लिफ्ट नसलेली इमारत, आणि जिना असा अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. अशा जिन्यावरून लोखंडी कपाट खाली आणायचं असेल तर ते दोघंच आणतात, कारण तिसऱ्याला पाय ठेवायला जागाच नसते. एक वरच्या बाजूला, एक खालच्या. वरचा माणूस कोपरे सांभाळतो आणि तोंडाने सारखा ओरडत राहतो, डावीकडे घ्या, जरा उचला, अहो भिंत, भिंत! वजन मात्र सगळं खालच्याच्या छातीवर. तो उलटा चालतो आणि टाचेने एकेक पायरी चाचपत उतरतो. वरच्याचा हात सुटला तर खालच्याचं काय होईल हे कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून सामान हलवणाऱ्यांमध्ये मान असतो तो खालच्याला. चहाचा पहिला कप त्याचा, टेम्पोत खिडकीची जागा त्याची, आणि मालक बाकी सगळ्यांना ‘ए’ म्हणतो, त्याला एकट्याला ‘अहो’.

दाजी चौदा वर्षं खालचा होता. दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर कामाला लागला, तो दिवसभर ‘दाजी, दाजी’ करायचा, म्हणून ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळे तसंच म्हणायला लागले. मेव्हणा वर, दाजी खाली. बायको बॅगांच्या कारखान्यात मशीनवर बसायची. तिने नवऱ्यासाठी आणि भावासाठी जाड पट्टे शिवून दिले होते, खांद्यावरून घेऊन सामानाखाली अडकवायचे. तिहेरी शिलाई घातलेली. ‘माझे दोघंही ह्याच्यावर लटकलेत,’ असं ती शेजारणींना सांगायची आणि त्यात तिला मोठेपणा वाटायचा.

आता ही खालची जागा दाजीला कशी मिळाली, तेही ऐकून घ्या, म्हणजे पुढचं ऐकताना उगाच त्याची कीव करत बसणार नाही. त्याच्या आधी तिथे एक आजोबा होते. आजोबा कसले, बावन्न वर्षांचे, पण गुडघे गेलेले. दाजी तेव्हा वरच्या बाजूला असायचा. एकदा दुसऱ्या मजल्यावर, निम्मं कपाट उतरल्यावर, आजोबा म्हणाले, ‘जरा टेकू द्या रे.’ गिऱ्हाईक समोर उभं होतं, बायकामाणसं दारात होती. दाजीने वरून मोठ्या आवाजात विचारलं, ‘काय आजोबा, कपाटात घालून तुम्हालाच उतरवू का?’ सगळे खो खो हसले. गिऱ्हाईकसुद्धा हसलं. आजोबा मान खाली घालून राहिलेल्या पायऱ्या उतरले. दुसऱ्या दिवशी दाजी मालकाच्या कानाला लागला, आणि आजोबांची रवानगी गोदामात झाली, फर्निचरला गुंडाळायची ब्लँकेटं घडी करायला. ते आजही तिथेच आहेत. दाजी रोज सकाळी त्यांच्यासमोरून जाताना विचारायचा, ‘काय आजोबा, गुडघे काय म्हणतात?’ आजोबा घडी घालत राहायचे.

तर असा माणूस. एके दिवशी पाचव्या मजल्यावरून फ्रीज उतरवताना वळणावर त्याचा पाय घसरला. फ्रीज पडला नाही. तो पडू देणारा नव्हताच. पण सगळा भार उजव्या खांद्यावर आला आणि आत काहीतरी फाटकन वाजलं. सकाळी उठला तर हात खांद्यापर्यंत वर जाईना. केस विंचरता येईनात, शर्टाची बाही चढेना. बायको म्हणाली, ‘आजचा दिवस राहू द्या.’ तो म्हणाला, ‘आज राहिलो तर माझ्या जागी कोण उभा राहील माहितीये? तुझाच भाऊ.’ हे तो हसत म्हणाला नव्हता.

कंपनीच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर बसायचा. बाहेर बाकावर अकरा माणसं होती. डॉक्टरने दाजीचा हात इकडून तिकडे फिरवला, दाजी गुरासारखा ओरडला. डॉक्टर म्हणाला, ‘स्नायू फाटलाय थोडा, सूज आहे. तीन आठवडे वजन उचलायचं नाही म्हटलं तर ऐकणार आहात का?’

‘छे हो.’

‘मग विचारतो कशाला मी,’ असं म्हणून डॉक्टरने लिहायला घेतलं. छोटी पांढरी गोळी. पहिल्या दिवशी सहा, मग पाच, चार, तीन, दोन, एक. कागदावर सहापासून एकापर्यंतचे आकडे त्याने एकाखाली एक लिहिले. ‘जेवल्यावर घ्या. असंच उतरत यायचं, मधेच एकदम थांबवायचं नाही. सूज उतरेल, पण फाटलेलं सांधायला वेळ लागतो, तो द्या त्याला.’ ही गोळी म्हणजे स्टेरॉईड, हे तो बोलला की नाही, दाजीला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. बहुतेक बोलला नसावा. बाहेर अकरा माणसं होती.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी दुपारी दाजीने दोन्ही हातांनी वॉशिंग मशीन डोक्याच्या वर धरून दाखवलं! दुखणं कुठल्या कुठे पळालं. नुसतं दुखणं गेलं असतं तर एक वेळ ठीक होतं, पण अंगात अशी रग आली की सकाळपासून दोन घरं हलवून झाली तरी तिसऱ्याची वाट बघत होता. फाटलेला स्नायू आत फाटलेलाच होता, पण त्याने तक्रार करायचं सोडलं होतं. मेव्हणा तोंडाचा आ वासून बघत राहिला. दाजी म्हणाला, ‘डॉक्टर असावा तर असा.’

दोन महिन्यांनी गुडघा आखडला. पुन्हा तोच डॉक्टर. ‘मागच्या वेळी गुण आला होता ना?’ ‘आला होता.’ ‘मग तेच लिहितो.’ मान वर न करता लिहिलं. त्यानंतर कंबर धरली, तेव्हाही तेच, आणि तेव्हा तर दाजी खुर्चीत नीट टेकायच्या आतच कागद हातात पडला होता. चौथ्या वेळी दाजी गेलाच नाही. जाऊन करायचं काय? तो काय लिहिणार हे पाठ झालं होतं. कागद मात्र घड्यांवर फाटायला लागला होता, म्हणून त्याने तो झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून घेतला. औषधांच्या दुकानात तो काचेवर कागद ठेवायचा, दुकानदार वरची सही बघायचा, तारीख बघायचा नाही. एकाने बघायला सुरुवात केली, तेव्हा दाजीने दुकान बदललं.

आणि इथेच त्याच्या डोक्यात तो शहाणपणा शिरला. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. एकाखाली एक. दुसऱ्या कुणाला त्यात नुसते आकडे दिसले असते. दाजीचं आयुष्य इमारतींच्या तळाशी टांगलेल्या पाट्या वाचण्यात गेलेलं, त्याला त्यात मजले दिसले. सहाव्या मजल्याला सहा, तिसऱ्याला तीन. सरळ हिशेब! डॉक्टर बिचारा खुर्चीत बसून काम करणारा, त्याला जिना काय कळणार, त्याने आपलं दिवसांवर लिहून टाकलं. कामावर जायच्या आधी पत्ता विचारायचा, मजला विचारायचा, आणि तेवढ्या गोळ्या तळहातावर घेऊन तोंडात टाकायच्या. जितके मजले तितक्या गोळ्या. तळमजल्याचं काम असेल त्या दिवशी एकही नाही. ‘उगाच औषधं खाऊ नयेत माणसाने,’ असंही तो वर म्हणायचा.

पहिल्या वर्षात चेहरा भरला. गाल वर आले, हनुवटीखाली मांस आलं, चेहऱ्याला तुकतुकी आली. बायकोने कौतुकाने मैत्रिणींना सांगितलं, ‘ह्यांच्या अंगी लागलंय हो आताशा.’ शेजारणी म्हणाल्या, ‘संसार मानवला म्हणा की उशिरा!’ भूक तर अशी लागायची की घरातलं पातेलं पुसून खायचा आणि मग बायकोच्या ताटाकडे बघायचा. रात्री झोप यायची नाही, तर पहाटे उठून घरातली कपाटं इकडची तिकडे सरकवायचा. हाताला जरा कुठे घासलं की जांभळं पडायचं. त्याकडे कोण बघतो? खालचा माणूस म्हटल्यावर ओरखडे असायचेच.

राग मात्र सगळ्यांनी पाहिला. एकदा जेवताना बायकोने साधं विचारलं, ‘अहो, ह्या गोळ्या अजून किती दिवस घ्यायच्या?’ दाजीने भरलं ताट उचलून फेकलं. ते तिच्या भुवईवर लागलं. तिने आधी ताट उचललं, मग फरशी पुसली, मग मोरीत जाऊन भुवई धुतली. कारखान्यात तिने सांगितलं, मशीनचं झाकण लागलं. दाजीला वाईट वाटलं का? वाटलं, पण फार उशिरा, आणि तोपर्यंत टाके निघाले होते. त्यानंतर तिने गोळ्यांचं नाव काढलं नाही. दाजीला वाटलं, चला, विषय मिटला.

मग मेव्हण्याचा खांदा गेला. वरच्याचा खांदा सहसा जात नाही, पण पट्टा अडकला, हिसका बसला आणि तो कळवळून जिन्यातच बसला. वीस-बावीस वर्षांचा असताना कामाला लागलेला, आता पस्तिशीला आलेला, दोन लहान मुलींचा बाप. ‘दाजी, डॉक्टरकडे जाऊन येऊ का?’

‘जा की. तो तुला तीन आठवडे घरी बसवील. मालक तोवर दुसरा आणील. मग तू जा आजोबांच्या शेजारी, ब्लँकेटं घाल जन्मभर. एका बाजूला गुडघा, एका बाजूला खांदा, छान जोडी दिसेल.’

टेम्पोत बसलेला ड्रायव्हर हसला. मेव्हणा ओशाळला. दाजीने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. ‘चौथा मजला आहे. चार घे.’

‘पण ताई म्हणत होती, ह्या गोळ्यांनी...’

‘ताई शिवते काय? बॅगा. बॅगांचं विचार तिला.’

मेव्हण्याने चार घेतल्या. दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत कामावर आला. दाजीने लॅमिनेट केलेल्या कागदाची झेरॉक्स काढून त्याला दिली, आणि ‘हे तुझ्या ताईला दाखवायचं नाही’ असं बजावलं. मेव्हण्याने ती झेरॉक्सही लॅमिनेट करून घेतली. असं ते शिकवलेलं सगळं करायचं, पोरगं आज्ञाधारक होतं.

दीड वर्ष ह्यात गेलं असेल. दाजीच्या जांघेत दुखायला लागलं. आधी वळताना, मग बसताना, मग बूट घालताना. कधी कळ गुडघ्यात उतरायची. त्याला वाटलं, स्नायू भरून आलाय, म्हणजे गोळ्या कमी पडतात. म्हणून तो एक मजला जास्त धरायला लागला, तिसऱ्याला चार, चौथ्याला पाच. तरी पाय ओढत चालायचा. ते मालकाच्या नजरेला पडू नये म्हणून गोदामाच्या मागच्या दाराने यायचा. आजोबांच्या नजरेला मात्र पडायचं, कारण ते मागच्याच दाराशी बसायचे. ते घडी घालता घालता त्याच्या पायांकडे बघायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे. दाजीने ‘गुडघे काय म्हणतात’ विचारणं बंद केलं होतं.

शेवट झाला तो दुसऱ्या मजल्यावर. योग बघा, दुसऱ्याच! छातीवर तिजोरी, मागे टाच, आणि टाच पुढे जाईना. पाय उचलायचा म्हटलं तर उचलेना, आणि खुब्यात कुणी खिळा ठोकल्यासारखी कळ. मेव्हणा वरून ओरडला, ‘चला दाजी!’ दाजी जागचा हलला नाही. घाम डोळ्यांत, तोंड लालबुंद. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, ‘जरा टेकू दे रे.’ खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हरने आणि गिऱ्हाइकाच्या भावाने मिळून तिजोरी पेलली आणि दाजीला बगलेत धरून बाजूला बसवला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

मेव्हण्याने त्याला टेम्पोतून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून तो बाहेर गाडीतच बसून राहिला आणि दाजी काठी टेकत एकटा आत गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी फोटो काढायला लावले, ते उजेडावर धरले आणि विचारलं, ‘स्टेरॉईड घेत होता का कधी?’

‘मी? बाई, मी काय दंड फुगवून स्टेजवर उभा राहतो की काय!’

‘मग दुसरं काही? नेहमीच्या गोळ्या?’

दाजीने अभिमानाने लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. मग दारातून जाणाऱ्या दोन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. ‘इकडे या. असा कागद पुन्हा बघायला मिळायचा नाही. तारीख बघा ह्याच्यावरची.’ त्यांनी तारीख बघितली. ‘आणि कशा घेत होता हो तुम्ही ह्या?’ दाजीने सांगितलं, जितके मजले तितक्या. एकाला हसू आवरेना, तो खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळला. दुसऱ्याने विचारलं, ‘तळघर असलं तर?’ बाई त्याच्यावर ओरडल्या, पण हसू त्यांच्याही ओठांवर येऊन गेलंच. दाजी खुर्चीत बसून कानाच्या पाळ्यांपर्यंत तापला.

मग बाईंनी समजावलं, अगदी नीट, फोटोवर पेन ठेवून. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा असतो, त्याला रक्त मिळालं नाही, तो आतून मेला आणि वजनाखाली चेपला. उजवा पुरता, डावा निम्मा. दोन्ही बदलावे लागणार, आधी उजवा. नंबर चार महिन्यांनी, आणि तो चुकला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. ‘ह्याच गोळ्यांनी?’ ‘ह्याच गोळ्यांनी. सहा दिवसांचं औषध तुम्ही दोन वर्षं खाल्लं, आणि त्यावर तिजोऱ्या उचलल्यात.’ बाईंनी गोळ्या हळूहळू कमी करायचा नवा कागद लिहून दिला. दाजी उठायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुमच्याबरोबर काम करणारं आणखी कुणी घेतं का ह्या? असेल तर आजच माझ्याकडे पाठवा. वेळेत आला तर माणूस वाचतो.’

आता बघा. बाहेर टेम्पोत मेव्हणा बसला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण ते दोन शिकाऊ अजून तिथेच होते, आणि दाजीला दिसत होतं ते असं, की मेव्हणा आत येणार, खिशातून दुसरा लॅमिनेट कागद काढणार, आणि हे दोघं पुन्हा भिंतीकडे वळणार.

‘नाही बाई,’ दाजी म्हणाला, ‘कुणी नाही.’

घरी त्याने सांगितलं, कामाने हाड झिजलं. बायको रडली, लोखंडी कपाटं बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. मालक भेटायला आला तो दारातच उभा राहिला. म्हणाला, ‘बरा हो, दाजी. ब्लँकेटांच्या कामावर घेतलं असतं तुला, पण आजोबा काही सोडत नाहीत.’ ‘अहो’ गेलं होतं, ‘तुला’ आलं होतं. आजोबांनी मेव्हण्याबरोबर निरोप पाठवला, ‘दाजीला विचार म्हणावं, गुडघे काय म्हणतात?’ चौदा वर्षं पोटात ठेवलेलं ते एक वाक्य. मेव्हण्याला त्यातली मेख कळली नाही, त्याने आपलं भोळेपणाने येऊन विचारलं. दाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

खालची जागा अर्थातच मेव्हण्याला मिळाली. दर आठवड्याला तो यायचा, खाटेच्या कडेला बसायचा आणि सांगायचा. काल सहावा मजला केला दाजी, संगमरवरी टेबल होतं. परवा एका दिवसात तीन घरं. मालक मला ‘अहो’ म्हणतो आता, ऐकायला कसंतरीच वाटतं! त्याचे गाल वर आले होते. हनुवटीखाली मांस आलं होतं. बायको चहा देताना कौतुकाने म्हणाली, ‘माझ्या भावाच्या अंगी लागलंय बघा काम.’ दाजीने कपातून वर बघितलं नाही.

सांगायचं तर किती सोपं होतं. चार शब्द. पहिल्या आठवड्यात त्याने ठरवलं होतं, पण मेव्हणा त्या दिवशी ड्रायव्हरला घेऊन आला, आणि ड्रायव्हरला कळलं म्हणजे गोदामाला कळलं. दुसऱ्या वेळी बायको जवळ होती. तिला कळलं असतं, की नवऱ्याने नुसते स्वतःचेच पाय घालवले नाहीत. भुवईवरची पांढरी खूण घेऊन ती समोर उभी राहिली असती. आणि तिसऱ्या वेळी मेव्हणा एकटाच होता, घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळा मोका होता. पण तो तिजोरी उतरवल्याची गोष्ट सांगत होता, दाजीच्या हातून राहिलेली तीच तिजोरी. दाजीने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि मनात म्हणाला, मग माझे गेले तर ह्याचेच का राहावेत? असं तो खरंच म्हणाला. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली, पण तोवर मेव्हणा चपला घालून निघून गेला होता.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. ॲम्ब्युलन्सवाला खालूनच म्हणाला, ‘जिना आमच्याकडे नाही, माणूस खाली आणून द्या. अर्धा तास थांबतो.’ घर तिसऱ्या मजल्यावर. मेव्हणा आला, बरोबर ड्रायव्हर. हातांची लाकडी खुर्ची घेतली, त्यात दाजीला बसवला आणि बायकोने शिवलेल्या पट्ट्यांनी छातीशी, कमरेशी, मांड्यांशी आवळला. बायको खालच्या मजल्यावर दार उघडून ठेवायला पुढे गेली, हातात कागदांची पिशवी. ड्रायव्हर खुर्चीच्या मागे, वरच्या बाजूला. मेव्हणा पुढे, दोन पायऱ्या खाली, दाजीकडे तोंड करून.

चौदा वर्षं दाजीने खालून वर पाहिलं होतं. खालच्या माणसाचं तोंड वरून कसं दिसतं ते तो आजोबांनंतर आज पहिल्यांदा बघत होता. गोल, लाल, तुकतुकीत. आरशात दोन वर्षं बघितलेलं तोंड. आणि उभा राहिला होता तो उजव्या पायावर जरा कमी भार टाकून, असा, की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येऊ नये.

‘जांघेत दुखतं का रे?’ दाजीच्या तोंडून निघून गेलं.

‘कसं ओळखलंत? काही नाही हो, स्नायू भरलाय.’ मेव्हण्याने खिशातून पाकीट काढलं, खाली जिन्याकडे डोकावलं आणि आवाज बारीक केला. ‘ताईला सांगू नका, ती ओरडेल. तीनच मजले ना आपले?’

तीन गोळ्या त्याच्या तळहातावर होत्या. खाली ॲम्ब्युलन्सवाल्याने हॉर्न वाजवला. खालच्या मजल्यावरून बायको ओरडली, ‘अहो, निघा ना, नंबर जाईल!’ नंबर गेला की शेपूट. शेपटाला पुन्हा चार महिने, ह्याच खाटेवर, ह्याच भिंतीकडे तोंड करून. सांगितलं तर हा हात मागे घेणार, त्या दुखऱ्या पायाने उतरायला घाबरणार, आणि दुसरा खालचा आता, ह्या घटकेला, आणायचा कुठून? दाजीने तळहाताकडे पाहिलं. मग आपल्या पोटाकडे, पट्ट्यांतून बाहेर आलेल्या मांसाकडे पाहिलं.

‘चार घे,’ तो म्हणाला. ‘मी जड झालोय आता.’

मेव्हणा हसला. त्याने चौथी काढली, चारही पाण्याशिवाय गिळल्या, आणि खुर्चीचे पुढचे पाय छातीशी धरले. ‘घाबरू नका, दाजी,’ तो म्हणाला, ‘खाली मी आहे.’ मग त्याने टाचेने पहिली पायरी चाचपली.